पहिले रहिवासी

धाकट्यांना ती नोकरी उंचीमुळे मिळाली. म्हणजे, उंची नसल्यामुळे.

नवी इमारत उभी होती. रंग झाला होता, गच्चीवर कंपनीचा झेंडा लागला होता. लिफ्टचा खड्डा तयार होता, लिफ्ट यायची होती. नळ बसले होते, पाणी यायचं होतं. माणसांनी राहायला यायची परवानगीही यायची होती. एवढं सगळं यायचं असल्यामुळे गिऱ्हाईक मात्र यायला बिचकत होतं. जे कुणी येत, ते खाली उभं राहून वर बघत आणि पहिला प्रश्न विचारत, "इथे राहतं का कुणी?"

ह्या प्रश्नाला मॅनेजरबाईंकडे उत्तर नव्हतं. बाकी सगळ्या प्रश्नांना होतं.

पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट लोकांना दाखवायला म्हणून सजवून ठेवला होता. त्यातलं फर्निचर सुताराने मुद्दाम लहान केलं होतं. पलंग आखूड, सोफा आखूड, कपाट बुटकं, जेवायचं टेबल वाफेत आटल्यासारखं. सामान लहान असलं की खोली मोठी दिसते, हे त्या धंद्यातलं सर्वांना माहीत असलेलं गुपित. पण रिकाम्या घरात आखूड पलंग बघून एखाद्याला शंका यायची. शेजारी त्याच मापाचा माणूस उभा केला तर ती येणार नाही, हे डोकं सुताराचं.

"माणूस आहे माझ्याकडे," तो मॅनेजरबाईंना म्हणाला. "फर्निचरला मॅचिंग."

बाईंनी धाकट्यांना बोलावून घेतलं, सोफ्यावर बसवलं, दारातून बघितलं, खिडकीतून बघितलं. मग म्हणाल्या, "फारच छान उंची आहे तुमची." धाकट्यांना उभ्या आयुष्यात हे कुणी म्हणालं नव्हतं. ते लाजले.

"राहता कुठे?"

"बँकेपाशी."

"अरे वा, चांगला एरिया आहे," बाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

धाकटे बँकेपाशी राहत म्हणजे बँकेच्या ओट्यावर राहत. बँक बंद झाल्यावर यायचं, उघडायच्या आत उठायचं, एवढा एक नियम सोडला तर जागेला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. बाईंना हे पुढे कळलं. पण तोवर धाकट्यांच्या तोंडाकडे बघून दोन फ्लॅट विकले गेले होते, आणि बाईंनी ते न कळल्यासारखं केलं. दयाळूपणाचे जे सोयीस्कर प्रकार आहेत त्यातला हा एक.

काम सोपं होतं. सकाळी येऊन कंपनीचा मऊ सदरा-पायजमा घालायचा, बिननंबरी चष्मा लावायचा, सोफ्यावर वर्तमानपत्र उघडून बसायचं. वर्तमानपत्र रोज तेच. कप रिकामा, पण अधूनमधून तोंडाला लावायचा. गिऱ्हाईक आलं की बाई म्हणणार, "हे आमचे पहिले रहिवासी." मग धाकट्यांनी चष्मा काढून म्हणायचं, "आम्ही इथे अगदी समाधानी आहोत." 'मी' नाही, 'आम्ही'. आम्ही म्हटलं की आतल्या खोलीत कुटुंब असल्यासारखं वाटतं.

पथ्यं तीन होती. कुणाला पलंगावर बसू द्यायचं नाही. दारात उभं राहायचं नाही, कारण दार खऱ्या मापाचं होतं. आणि फ्रिज उघडायचा नाही. फ्रिज म्हणजे नुसतं कपाट होतं. आत यंत्र नव्हतं. हे तिसरं पथ्य धाकट्यांनी थोडं वाकवलं होतं. त्यांची वळकटी, टॉवेल, साबण, दाढीचं सामान आणि एक जाड पांघरूण दिवसभर कुठे ठेवायचं हा प्रश्न होताच. ओट्यावर ठेवलं तर झाडूवाली कचरा समजून नेते. ते फ्रिजमध्ये ठेवलं की आपोआप प्रतिष्ठित व्हायचं.

सुतार दुपारी डबा खायला त्याच फ्लॅटमध्ये येई. डब्यातलं अर्धं धाकट्यांपुढे सरकवी आणि त्या बदल्यात त्यांची चौकशी करी.

"दारू?" त्याने एकदा विचारलं.

"नाही."

"जुगार?"

"पत्ते ओळखतासुद्धा येत नाहीत."

"मग बाईची भानगड असणार."

"होती ती बायकोच होती."

"मग घर गेलं कसं? असं उगाच कुणाचं जातं होय?"

धाकट्यांनी सांगितलं. साबणाच्या कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. कारखाना दुसऱ्या गावाला गेला. तिकडे या म्हणाले, पण बायको आजारी होती आणि डॉक्टर इकडे होता. मग डॉक्टरकडे जायची गरजही उरली नाही. भाड्याची जागा होती, मालकाचा मुलगा लग्न करून परत आला, त्याला ती हवी होती. त्याचंही बरोबरच होतं. मग दादाकडे, थोरल्या भावाकडे, चार दिवस म्हणून गेले. दादाच्या दोन खोल्या. हे बाहेरच्या सोफ्यावर झोपत.

"मग? भांडण झालं?"

"छे. कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. एक दिवस नवा सोफा आला. जुना तिघांचा होता, हा दोघांचा. वहिनी म्हणाली, मोकळं वाटतं नाही का घर? मी म्हटलं, वाटतं. पाय पोटाशी घेऊन दोन आठवडे झोपलो. मग सांगितलं, मित्राबरोबर खोली मिळाली आहे."

"आणि त्यांना पटलं?"

"लगेच."

"मित्र कोण, खोली कुठे, काही विचारलं नाही?"

"दादा म्हणाला, जपून राहा."

सुतार घास हातात धरून थांबला. "बस? एवढंच?"

"एवढंच."

सुताराची चांगलीच निराशा झाली. माणूस रस्त्यावर आलेला दिसला की बघणाऱ्याला त्यामागे काहीतरी दणदणीत कारण हवं असतं, आणि ते आपल्याकडे नसलेलं हवं असतं. दारू चालते, जुगार चालतो, वेडही चालतं. कारखाना हलला, बायको गेली, मालकाच्या मुलाचं लग्न झालं, सोफा बदलला, ह्यात काही दम नव्हता. असलं तर कुणाच्याही घरी होतं.

"एवढ्यावर तर माझंही जाईल की," सुतार म्हणाला. मग त्याने डबा बंद केला आणि टेबलाचा एक पाय उगाचच हलवून बघितला.

धाकट्यांना मात्र आता एक आशा लागली होती. इमारतीच्या मागे पंपाशेजारी एक खोली होती. पंपवाल्यासाठी बांधलेली, पण पाणीच नसल्यामुळे पंपवालाही नव्हता. मॅनेजरबाई म्हणाल्या होत्या, "अजून एक फ्लॅट जाऊ दे. मग वरच्यांना सांगून ती तुम्हाला देते. राहा आणि पंपाकडे लक्ष ठेवा." धाकट्यांनी ती खोली जाऊन पाहिली. खिडकी नव्हती. पण दाराला आतून कडी होती. ते आत उभे राहिले, कडी लावली, काढली, परत लावली. बाहेरून कुणी तरी विचारलं, आत कोण आहे? धाकटे आतून म्हणाले, "मी." एवढं साधं उत्तर देऊन किती तरी दिवस झाले होते.

त्यानंतर ते कप फारच मन लावून तोंडाला लावू लागले.

ओट्याचे अनुभव वेगळे. सकाळी फिरायला जाणारे एक गृहस्थ होते, हातात काठी. काठी चालण्यासाठी नव्हती, सूचना देण्यासाठी होती. बँकेवरून जाताना ते ओट्यावरच्या पांघरुणाला काठीचं टोक लावून म्हणत, "चला, उठा. लोकांना जायचं-यायचं असतं." त्या वेळी रस्त्यावर जाणारे-येणारे तेच एकटे असत.

तेच गृहस्थ एका दुपारी मुलीसाठी फ्लॅट बघायला आले. बाईंनी ओळख करून दिली. गृहस्थांनी काठी भिंतीला टेकवली आणि सोफ्यावर धाकट्यांच्या शेजारी बसले. "साहेब, एकदम खरं सांगा हं. वस्ती कशी आहे? नाही, बँकेपाशी कसले कसले लोक पडलेले असतात. तुम्हाला त्रास नाही ना होत?"

"सकाळी थोडा होतो," धाकटे म्हणाले.

"मी रोज उठवतो त्यांना."

"हो. लक्षात आलंय आमच्या."

गृहस्थ खूष झाले. त्यांनी जाताना हात मिळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काठीचं टोक पांघरुणाला लागलं. धाकट्यांनी तोंड बाहेर काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. पण गृहस्थांची नजर पांघरुणापर्यंतच येत होती. पांघरुणाच्या आत तोंड असतं ह्याची त्यांना कल्पना नसावी.

ह्यानंतर आठवड्याभराने, टळटळीत दुपारी, जिन्यात मॅनेजरबाईंचा आवाज आला, "या ना, या. आमचे पहिले रहिवासी आतच आहेत." धाकट्यांनी कप उचलला. आणि दारातून दादा आत आला. मागून वहिनी.

दादा उंच होता. लहानपणापासून घरातली सगळी उंची त्यालाच मिळाली होती. दारातून तो डोकं वाकवूनच आला, सवयीने.

"छोट्या?" दादा म्हणाला.

धाकट्यांच्या हातातला कप तोंडाशीच राहिला. मॅनेजरबाई दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "अय्या, ओळखीचे? मग तर प्रश्नच मिटला."

दादाने खोलीभर नजर फिरवली. पडदे, दिवे, भिंतीवरचं चित्र, टेबलावरची मेणाची फळं. मग भावाकडे पाहिलं. ह्या नजरेने त्याने धाकट्यांकडे कधीच पाहिलं नव्हतं. ती वरून खाली येणारी नजर नव्हती. कशी कोण जाणे, समोरासमोरची होती.

"म्हणजे तू इतके दिवस इथे? आणि आम्हाला मित्राची खोली सांगितलीस?" तो सोफ्यावर बसला. गुडघे छातीपर्यंत आले, पण त्याच्या ते ध्यानात आलं नाही. "बघ गं, मी तुला म्हणत होतो की नाही, छोट्या आतल्या गाठीचा आहे म्हणून?"

"तुम्ही म्हणत होतात, त्याचं काही खरं नाही म्हणून," वहिनी म्हणाली.

"तेच ते."

धाकट्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच पंपाशेजारची खोली दाखवली. म्हणजे त्या बघत होत्या खिडकीबाहेर, पण खोली त्याच बाजूला होती.

"आम्ही इथे अगदी समाधानी आहोत," धाकटे म्हणाले.

"झालं तर मग," दादा म्हणाला. "मी तुझ्यासाठी नव्हतो आलो, पण योग बघ. आपली जागा काढायचं ठरलंय. गिऱ्हाईक आहे हातात, उद्या सही. ते पैसे इथे टाकायचे. ह्या म्हणतात, वरचा फ्लॅट तीन महिन्यांत ताब्यात."

"जास्तीत जास्त," बाई म्हणाल्या.

"तोवर कुठे राहायचं, हीच आमची काळजी होती. हिच्या बहिणीकडे जागा नाही." दादाने जरा घसा साफ केला. लहान भावाकडे काही मागायची त्याला सवय नव्हती. "तर तोवर, म्हणजे तुला अडचण नसेल तर, आम्ही दोघं इथे, तुझ्याकडे. चार दिवसांचाच प्रश्न आहे."

धाकट्यांना चार दिवस ह्या मुदतीची इत्थंभूत माहिती होती. ती कुठून सुरू होते, कोणकोणत्या सोफ्यांवरून जाते आणि कुठल्या ओट्यावर उतरते, सगळं. पाणी नाही, परवानगी नाही. तीन महिन्यांचं वर्ष होणार, वर्षाचं किती होईल ते बाईंनाही सांगता आलं नसतं. दादा उद्या सही करणार, परवा बहिणीकडे नाही म्हणून मेव्हण्याकडे जाणार, तिथून मित्राकडे. उंच माणूस. त्याला तर कुठलाच सोफा पुरायचा नाही.

आणि दाराला आतून कडी असलेली खोली ह्या एका सहीवर होती. धाकट्यांना फक्त गप्प बसायचं होतं, जे त्यांना उत्तम जमत असे.

"दादा," धाकटे म्हणाले, "दमला असशील. उन्हातून आलायस. आत जाऊन जरा पड."

"अहो, पलंगावर नको," बाई घाईने म्हणाल्या. "चादर, म्हणजे चादर आत्ताच बदललीय."

"माझा भाऊ आहे," धाकटे म्हणाले. "आणि आम्ही इथले रहिवासी आहोत."

बाई बाजूला झाल्या. वाक्य त्यांनीच शिकवलं होतं.

दादा खरंच दमला होता. तो आत गेला, पलंगावर बसला, मग उताणा झाला. डोकं उशीवर टेकलं तशा पिंढऱ्यांपासून खाली दोन्ही पाय पलंगाबाहेर गेले आणि हवेत तरंगत राहिले. तो वर सरकला. डोकं फळीवर आपटलं. तिरपा झाला. तरी पाय बाहेर. मग पाय पोटाशी घेऊन कुशीवर वळला आणि तसाच पडून राहिला, भिंतीकडे तोंड करून.

धाकटे दारात उभे होते. दार खऱ्या मापाचं होतं, आणि त्यात ते फार लहान दिसत होते.

"छोट्या," भिंतीकडून दादाचा आवाज आला, "हा पलंग माणसाच्या मापाचा नाहीये रे."

"नाही. बघायला येणाऱ्याच्या मापाचा आहे."

"आणि हे घर?"

"तेही."

दादाने पाय आणखी पोटाशी ओढले. मग म्हणाला, "असाच झोपायचास ना तू? सोफ्यावर?"

"मला थोडं कमी वळावं लागायचं," धाकटे म्हणाले. "उंचीचा फायदा."

तिकडे स्वयंपाकघरात वहिनी नवऱ्यासाठी पाणी आणायला गेली होती. नळ सोडला, तो खाकरलाही नाही. दुसरा सोडला. मग तिने जे कुठलीही गृहिणी करेल ते केलं, फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात साबण आणि दाढीचा ब्रश. मधल्या कप्प्यात टॉवेल, वाळत घातलेला. खाली वळकटी, आणि तिच्यावर घडी घातलेलं जाड पांघरूण. ते तिने स्वतः शिवलेलं होतं. एका कोपऱ्यात निळा दोरा संपल्यावर तिने हिरवा घातला होता, तो हिरवा कोपरा वर आला होता. घरातून निघताना तिनेच ते भाऊजींच्या हातात दिलं होतं. मित्राची खोली आहे म्हणाले, तर एवढं जाड पांघरूण कशाला द्यावंसं वाटलं, हे तिने त्या वेळी स्वतःला विचारलं नव्हतं.

तिने फ्रिजचं दार अगदी हळू लावलं. कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यावर लावतो तसं.

मॅनेजरबाई दरवाज्यापाशी धाकट्यांना अडवून हलक्या आवाजात बोलत होत्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "कडीची खोली होती हो. मी वरच्यांना विचारूनसुद्धा ठेवलं होतं. तुम्हाला काय मिळालं हे करून?"

धाकट्यांनी चष्मा काढून बाईंच्या हातात ठेवला. "सदरा धुऊन आणून देतो," ते म्हणाले.

"राहू द्या. दुसऱ्या कुणाला होणार नाहीये तो."

त्यांनी सदरा-पायजमा उतरवून खुर्चीवर ठेवला, स्वतःचा शर्ट चढवला, फ्रिजमधून संसार काढला. सुतार तेवढ्यात डबा घेऊन वर येत होता. त्याने धाकट्यांच्या हातातली वळकटी पाहिली, बाईंचा चेहरा पाहिला, मग दादाची उंची पाहिली आणि म्हणाला, "अरे बापरे. झोपले का काय हे?"

धाकटे, दादा आणि वहिनी जिना उतरून रस्त्याला लागले. कुणी कुणाला चल म्हणालं नव्हतं, पण चालत होते. दादा एकटाच बोलत होता, आणि तोही कंपनीविषयी, फसवणुकीविषयी, तक्रार कुठे करता येईल त्याविषयी. ह्या विषयांवर चालता चालता बोलता येतं.

बँकेच्या कोपऱ्यावर समोरून काठीवाले गृहस्थ आले. त्यांनी काठी उंच करून सलाम केला. "काय साहेब? भाऊ वाटतं हे? चेहऱ्यावरून कळतं."

"हो," धाकटे म्हणाले.

"छान, छान. सगळं कुटुंब एकत्र," म्हणत ते पुढे गेले. धाकट्यांच्या काखेतलं पांघरूण त्यांनी पाहिलंही असेल. पण दोन्ही बाजूंना माणसं असली की पांघरूण हे नुसतं पांघरूण असतं.

"कोण रे हे?" दादाने विचारलं.

"शेजारी. रोज सकाळी उठवतात."

दादा थांबला. त्याने गृहस्थ गेले त्या दिशेला बघितलं, मग बँकेकडे बघितलं. दार उघडं होतं, माणसं ओट्यावरून आत-बाहेर करत होती. "छोट्या, तू खरंच कुठे राहतोस?"

हे त्याने आज विचारलं. धाकट्यांनी मान हलवून ओटा दाखवला.

दादा ओट्यापाशी गेला. एका टोकाला उभा राहिला, दुसऱ्या टोकापर्यंत नजर नेली. तो सवयीने मोजतच होता. घर बघायला निघालेला माणूस होता. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाला, "लांब आहे की."

"हो," धाकटे म्हणाले. "पाय पुरतात."

वहिनीने त्यांच्या काखेतलं पांघरूण ओढून घेतलं. हिरवा कोपरा आत जाईल अशी त्याची घडी घातली आणि ती घेऊन, मागे न बघता, घराच्या रस्त्याला लागली. काही पावलांवर ती थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो सोफा मला कधीच आवडला नव्हता."

धाकट्यांनी दादाकडे पाहिलं. दादा अजून ओट्याकडेच बघत होता.